बेताच्या पैशात बर्फावरची चाके

आपल्याकडे मोटारीचे टायर केव्हा बदलतात? नक्षी गुळगुळीत झाली म्हणजे. काटकसरी मालक तर त्यानंतरही एखादा पावसाळा ओढून नेतो. उत्तर युरोपात आणि कॅनडात मात्र टायर मुळीच झिजलेले नसतानाही वर्षातून दोनदा चाके उतरवावी लागतात. थंडीच्या तोंडावर उन्हाळी चाके उतरतात आणि हिवाळी चढतात. वसंत ऋतूत पुन्हा उलट. म्हणजे चार चाकांच्या गाडीसाठी आठ चाके पाळावयाची!

जर्मन लोकांनी यासाठी एक सोपी खूण करून ठेवली आहे : ‘ओ ते ओ’. पहिला ‘ओ’ ओक्टोबरचा आणि दुसरा ओस्टर्नचा, म्हणजे ईस्टरच्या सणाचा. या काळात हिवाळी टायर वापरावेत असा हा लोकसंकेत आहे. कायदा मात्र तारखा सांगत नाही. २०१० च्या डिसेंबरपासून तेथे असा नियम आहे, की रस्त्यावर हिम, बर्फ किंवा चिखलासारखा ओला हिमथर असेल, तर हिवाळी टायरांशिवाय गाडी चालवावयाची नाही, चालवल्यास दंड. कॅनडातील क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च या तारखाच ठरलेल्या आहेत, मग रस्ता कोरडा असो वा पांढरा.

स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनी शहर आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळे या भागात शिकायला आणि नोकरीला गेलेली मराठी मंडळीही पुष्कळ आहेत. त्यांपैकी एखाद्याने पहिल्या पगारातून साठवून जुनी मोटार घेतली असे समजू. गाडीत पैसे गेले. आता दुकानदार म्हणतो, आणखी चार टायर घ्या आणि शक्यतो आणखी चार चाकेही घ्या. साहजिकच त्याच्या मनात येते, की ही विक्रीची युक्ती तर नाही ना? आणि नसेल तर यात काटकसर कुठे करता येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात सापडते. आणि ते एकदा नीट समजले, की दुसऱ्याचेही बरेचसे उत्तर मिळते.

प्रथम एक साधे गणित करू. गाडी ताशी ५० कि.मी. वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. ब्रेक दाबल्यावर ती किती अंतरात थांबेल? वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरण व घर्षणांक यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले, की हे अंतर मिळते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर अंतर येते १४ मीटर. दाबून बसलेल्या हिमावर हिवाळी टायरचा घर्षणांक ढोबळमानाने ०.३ आणि उन्हाळी टायरचा त्याच्या निम्मा, ०.१५, धरू. मग पहिली गाडी थांबेल ३३ मीटरांत आणि दुसरी ६६ मीटरांत.

दुप्पट अंतर, एवढेच म्हणून येथे थांबू नका. दोन्ही गाड्या शेजारीशेजारी धावत आहेत आणि ३३ मीटरांवर एक मूल रस्ता ओलांडत आहे, अशी कल्पना करा. पहिली गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. त्याच ठिकाणी दुसरीचा वेग किती असेल? शून्य नव्हे, आणि मूळच्या निम्माही नव्हे. अर्ध्या अंतरात वेगाचा वर्ग निम्मा होतो. म्हणून वेग ५० भागिले २ चे वर्गमूळ, म्हणजे ताशी सुमारे ३५ कि.मी. उरतो. प्रश्न आहे तो या ३५ चा.

हा फरक पडतो कशामुळे? त्यासाठी रबराकडे वळावे लागेल. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत लाकडासारखे ताठ होते. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधकाबरोबर रबर तापवण्याची युक्ती सापडली आणि रबर कामाचे झाले. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना जागोजाग टाचून टाकतात. त्यामुळे ताणलेले रबर पुन्हा पूर्ववत होते. पण थंडीची अडचण यामुळे कमी झाली तरी संपली नाही.

हिवाळ्याच्या पहाटे खोबरेल तेल बाटलीत गोठते, हे आपण पाहतो. ते ठरावीक तापमानाला द्रवाचे घन होते. रबराचे तसे नाही. रबर हे बहुवारिक आहे. त्याचे रेणू शेवयांच्या गुंत्यासारखे असतात आणि सतत वळवळत असतात. तापमान उतरते तशी ही वळवळ मंदावते, आणि पुरेशा थंडीत थांबते. मग रबर काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. नैसर्गिक रबरात हे उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास घडते. ब्यूटाडाइनपासून केलेल्या एका कृत्रिम रबरात ते उणे १०० अंशांजवळ घडते. स्टायरीन मिसळलेल्या रबरात त्याहून पुष्कळच वर. तुम्ही म्हणाल, जर्मनीत उणे ७० अंश कुठे असते? बरोबर आहे. पण रस्त्यावरून धावणाऱ्या टायरचा प्रत्येक ठिपका क्षणार्धात दाबला जातो आणि सुटतो. एवढ्या घाईत रेणूंना वळवळायला सवडच मिळत नाही, म्हणून काचपणाची चिन्हे पुष्कळ आधीच दिसू लागतात. उन्हाळी टायरचे मिश्रण गरम रस्त्यावर मऊ पडू नये अशा बेताने केलेले असते. शून्याखाली ते ताठरते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात थंडीतही लवचीक राहणारे रबर अधिक असते आणि काजळीच्या जोडीला सिलिकाची अतिसूक्ष्म पूड असते.

जाहिरातींत ७ अंश हा आकडा नेहमी दिसतो : तापमान ७ अंशांखाली गेले की उन्हाळी टायर निकामी! हा आकडा हाताशी धरायला ठीक आहे, निसर्गाचा नियम म्हणून नव्हे. थंड पण कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर ५ अंशांनाही उत्तम थांबतो. खरा फरक पांढऱ्या रस्त्यावर पडतो.

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. पण टायरच्या दृष्टीने आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम आणि रस्त्यावर गोठलेला काचेसारखा बर्फ, ही दोन वेगळी संकटे आहेत. हिमावर टायरची नक्षी कामाला येते. हिवाळी टायरच्या खोल खाचांत हिम गच्च भरते, आणि मग रबर हिमाला धरत नाही, तर खाचेतले हिम रस्त्यावरच्या हिमाला धरते. हिमाचा गोळा हिमावर टाकला की चिकटतो, तसेच. म्हणून खाचा हिमाने भरलेल्या दिसल्या तर टायर काम करीत आहे असे समजावे. याशिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरा द्याव्यात तशा अनेक बारीक चिरा असतात. ठोकळा वाकला की या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा हिमात रुततात.

काचेसारख्या बर्फावर मात्र यापैकी काहीच फारसे चालत नाही. बर्फ इतका निसरडा का, हा प्रश्न मायकेल फॅरडे यांनाही पडला होता. बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूखालीही पाण्यासारखा पातळ थर असतो, असे मत त्यांनी १८५० मध्ये मांडले. पुढे १९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखच्या बर्फातील गुहेत प्रयोग करून दाखवले, की घर्षणाच्या उष्णतेनेही हा थर वाढतो. यातून एक गमतीची गोष्ट निघते. उणे २० अंशांच्या कडक बर्फापेक्षा शून्य अंशाजवळचा ओला बर्फ जास्त धोक्याचा असतो, कारण त्यावर पाणी अधिक. जर्मनीचा हिवाळा शून्याच्या आसपासच रेंगाळतो. म्हणून तेथे तो फार थंड नसूनही फसवा ठरतो. टायरला धातूचे खिळे बसवले की बर्फावर पकड येते. फिनलंड व स्वीडनमध्ये ते चालतात, पण मोकळा रस्ता खरवडला जातो म्हणून जर्मनीत त्यांना मनाई आहे. जाता जाता सांगायचे तर फिनलंडमधील नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ मध्येच मालमोटारींसाठी आणि १९३६ मध्ये छोट्या मोटारींसाठी हिवाळी टायर बाजारात आणले होते. हा कारखाना ज्या उद्योगसमूहात १९६७ मध्ये सामील झाला, त्याच समूहाचे मोबाइल फोन नंतर आपल्या घरोघरी आले!

आता खरेदीकडे येऊ. टायर आणि चाक या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे आधी लक्षात ठेवावे. टायर रबराचा, त्याच्या आतले चाक, ज्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये रिम किंवा डिस्क म्हणतात, ते पोलादाचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या रेणूंवर हल्ला करतात. ते कडक होते, त्याला चिरा पडतात. पोलाद गंजते, पण गंज डोळ्यांना दिसतो आणि घासून रंग देता येतो. तेव्हा पैसे वाचवायचे तर ते लोखंडात वाचवावेत, रबरात नव्हे. त्याच प्रकारची गाडी विकून टाकलेल्या माणसाकडे चार साधी पोलादी चाके स्वस्तात मिळतात. ती फिरवून पाहावीत. डुगडुगत नसतील, कड वाकलेली नसेल आणि कोठे चीर किंवा वेल्डिंगचा डाग नसेल, तर ती आणखी कितीतरी हिवाळे काढतील.

त्यांवरच्या जुन्या टायरांबद्दल मात्र विक्रेता ‘अगदी नव्यासारखे’ म्हणाला तरी वाकून पाहावे. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार अंक असतात. ३६१४ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या ३६ व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी कितीही खोल असो, इतक्या जुन्या टायरचे रबर थंडीत मऊ राहील अशी आशा धरू नये. आणि मऊपणासाठीच तर आपण पैसे देत आहोत. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरात कोरलेला हिमकण. हिमावरची ठरावीक चाचणी पार केलेल्या टायरवरच ही मुद्रा असते. नुसती ‘एम + एस’ ही अक्षरे चाचणीची ग्वाही देत नाहीत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी टायर म्हणून ती पुरेशीही धरली जात नाहीत.

चार टायर जास्तीचे घेतले म्हणजे खर्च दुप्पट झाला, असे वाटते. पण तसे होत नाही. हिवाळी टायर चालत असतात तेव्हा उन्हाळी टायर घरात विश्रांती घेत असतात. समजा, एक जोड ४०,००० कि.मी. टिकतो आणि गाडी वर्षाला १०,००० कि.मी. धावते. एकच जोड वापरला तर आठ वर्षांत दोन जोड लागतील. दोन जोड आलटूनपालटून वापरले तरी आठ वर्षांत दोनच लागतील! पण हे गणित थोडे फसवे आहे. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मि.मी. खोल असते आणि कायद्याने ती १.६ मि.मी. पर्यंत झिजू द्यायला हरकत नाही. हिवाळी टायर मात्र ४ मि.मी. च्या खाली गेला, की हिमाला धरणाऱ्या खाचा उथळ होतात. जाणकार तेथेच तो बदलायला सांगतात. म्हणजे ६.४ मि.मी. ऐवजी ४ मि.मी. च वापरायला मिळतात. ४०,००० चे २५,००० कि.मी. झाले. हिवाळ्यात वर्षाला ५,००० कि.मी. धरले, तर हिवाळी जोड पाच वर्षांत निवृत्त होईल. तरीसुद्धा वाढलेला खर्च ऐकताना वाटला त्याहून बराच कमी आहे.

वेगळी चाके घ्यावीत, की एकाच चाकावर दर सहा महिन्यांनी टायर काढून घालावेत? टायर चाकावरून उतरवणे आणि चढवणे हे यंत्राचे काम आहे, आणि प्रत्येक वेळी चाकाचे बॅलन्सिंगही करावे लागते. टायर चढवलेले चाक बदलणे मात्र जॅक आणि पाना असला की घरीही होते. समजा, पहिल्या कामाला ८० युरो पडतात, दुसऱ्याला ३० आणि जुनी चार चाके २०० युरोंना मिळाली. दर खेपेला ५० युरो वाचले, वर्षाला १००. चाकांची किंमत दोन वर्षांत वसूल होते. आकडे आपापल्या गावचे घालावेत. गणित तेच राहते.

आता सर्वांत घातक काटकसर. आजच्या पुष्कळ मोटारींची पुढची चाके इंजिनाने फिरतात. तेव्हा काहींना वाटते, पुढे दोनच हिवाळी टायर बसवावेत, मागची चाके काय, नुसती ओढली जातात. गाडी झोकात सुरू होते, आणि फसगत तेथेच होते. बाणाला पिसे मागे का लावतात? मागचे टोक हवेत धरून राहावे आणि बाण सरळ जावा म्हणून. मोटारीची मागची चाके म्हणजे ही पिसे. ब्रेक दाबला की भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. त्यांवर पकड नसलेले टायर असतील, तर वळणावर गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि गाडी भिंगरीसारखी फिरते. चालकाच्या हातात स्टिअरिंग असते ते पुढच्या चाकांचे. मागच्यांना आवरायला त्याच्याजवळ काहीच नसते. चारच्या चार टायरांना पैसे पुरत नसतील, तर हिमाच्या दिवशी बस किंवा रेल्वेने जावे. गाडी चारही चाकांनी ओढली जाणारी असली तरी हेच लागू आहे. चारही चाके ओढायला मदत करतात, थांबायला नव्हे. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात!

उलट एक काटकसर अशी आहे, की जिने पैसेही वाचतात आणि कामही सुधारते : अरुंद टायर. पुष्कळ मध्यम मोटारींना उन्हाळ्यात २०५/५५ आर १६ या मापाचे टायर असतात. २०५ ही मिलिमीटरांत रुंदी, ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ हा चाकाचा इंचांतला व्यास. पूर्ण व्यास काढा : ११२.७५ ची दुप्पट २२५.५, अधिक ४०६.४, म्हणजे ६३१.९ मि.मी. आता १९५/६५ आर १५ घ्या : २५३.५ अधिक ३८१, म्हणजे ६३४.५ मि.मी. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वेगदर्शक काटा फसणार नाही. लहान, अरुंद टायर सहसा स्वस्त असतो. मग पकड कमी होईल का? १,२०० किलोच्या गाडीच्या एका चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. आत ३२ पौंडांची हवा, म्हणजे दर चौ. सें.मी. वर सुमारे सव्वादोन किलो दाब. भागाकार केला तर रस्त्याला टेकणारा तुकडा येतो सुमारे १३० चौ. सें.मी. — आपल्या पोस्टकार्डाएवढा! टायर रुंद असो वा अरुंद, हे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. रुंद टायरचे पोस्टकार्ड आडवे असते, अरुंदाचे उभे. खोल हिमात उभ्या पोस्टकार्डाला कमी रुंदीचा चर पाडावा लागतो. काचेसारख्या बर्फावर मात्र या युक्तीचा विशेष उपयोग नाही.

लहान चाक घेताना ते आतील ब्रेकला घासत नाही ना आणि ते माप त्या गाडीला मंजूर आहे ना, हे गाडीच्या कागदपत्रांत पाहावे. बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळही जुळले पाहिजे. फोक्सवागन गोल्फच्या अलीकडच्या पिढ्यांत पाच छिद्रे ११२ मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात, आणि मधले भोक ५७.१ मि.मी. चे. चाक आत किंवा बाहेर किती सरकून बसते, हेही माप ठरलेले असते. एकदा बसवलेली चाके ५० कि.मी. नंतर पुन्हा आवळून घेतात. थंडीत घाईघाईने हे हमखास विसरले जाते.

हवेचेही पाहावे. वीस अंशांना ३२ पौंड हवा भरली आणि तापमान उणे १० झाले. पंपाचा काटा वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून ३२ मध्ये १४.७ मिळवून ४६.७ घ्या. २६३ ने गुणा, २९३ ने भागा, १४.७ वजा करा. उरतात फक्त २७ पौंड. पंक्चर नाही, काही नाही. पाच पौंड थंडीने खाल्ले.

आता जास्तीच्या चाकाविषयी. सुट्या चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. १९०४ साली वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकावर अडकवायचे जादा चाक तयार केले. तोवर मोटारींबरोबर असे चाक मिळतच नसे. त्या रस्त्याचे नाव आपल्या भाषेत अजून फिरते आहे. आता पुष्कळ नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, नुसती पंक्चर बुजवण्याची बाटली असते. ज्याच्याकडे आठ चाके आहेत, त्याने घरी ठेवलेल्या उन्हाळी चाकांपैकी एक डिकीत टाकले तर स्टेपनी फुकट झाली. मात्र पोलादी आणि मिश्रधातूच्या चाकांचे बोल्ट वेगळे असू शकतात, ते बरोबर ठेवावेत आणि त्या चाकावर सावकाश गॅरेजपर्यंतच जावे.

सगळ्यांनाच आठ चाके हवीत असेही नाही. डोंगरहिमाची मुद्रा असलेले बारमाही टायरही मिळतात. स्टुटगार्टच्या सखल भागात राहणाऱ्या, थोडेच फिरणाऱ्या आणि हिम पडल्यावर गाडी घरी ठेवू शकणाऱ्या माणसाने ते घेतले, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. आल्प्समध्ये किंवा फिनलंडमध्ये राहणाऱ्याने तो विचार करू नये.

हिम पाहिले नसले तरी यातला काही भाग तुम्हाला घरी तपासता येईल. रबरी चेंडू १ मीटर उंचीवरून फरशीवर टाका आणि किती उसळतो ते पट्टीने मोजा. मग तो दोन तास शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून पुन्हा टाका. निरनिराळ्या चेंडूंत फरक किती पडतो, याचा तक्ता करा. आणि गल्लीत उभ्या असलेल्या मोटारींच्या टायरवरचे शेवटचे चार अंक वाचून पाहा. स्टेपनीचा आकडा वाचायला मात्र मालकाला डिकी उघडायला सांगावे लागेल, आणि बहुधा सर्वांत म्हातारा टायर तेथेच सापडेल.